पोर्चच्या भिंतीवरची पट्टी

"लाख माणूस होता गा, पण मेल पाहाले पाहिजे होता त्यानं."

माझ्या मागच्या खुर्चीवर बसलेले स्टोअरमधले एक जण शेजारच्याला हळू आवाजात सांगत होते. शेजारचा म्हणाला, हो ना, मेल होता म्हणे. मग दोघंही सावरून बसले, कारण ॲडमिनचे बक्षी सर तुमच्या फोटोला हार घालायला उठले होते.

काका, तो फोटो तुम्हाला आवडला नसता. ओळखपत्रावरचा इवलासा फोटो मोठा करून आणला होता, त्यामुळे तुमचा चेहरा पाण्यातून पाहिल्यासारखा दिसत होता. शोकसभेसाठी कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्यांच्या रांगा केल्या होत्या. पहिल्या रांगेत काकू, त्यांच्या बाजूला तुमची मुलगी. मी दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. कडेची खुर्ची मी कुठेही गेले तरी आधी शोधते, हे तुम्हाला माहीत होतं. माझ्या हातात एक कागद होता. ॲडमिनकडून दोन शब्द तू बोल, तू त्यांच्यासोबत काम केलंस, असं सरांनी सकाळी सांगितलं होतं. कागदावर इंग्रजीत सात ओळी होत्या. त्यांतली एकही खोटी नव्हती.

हे मात्र मी मराठीत लिहितेय. तो मेल इंग्रजीत होता, म्हणून.

तुमची पहिली आठवण म्हणजे तुमचा आवाजच आहे, चेहरा नंतर. नोकरीला लागून तीन दिवस झाले होते. सकाळी नऊ वाजता टेबलावरचा फोन वाजला. मी त्याच्याकडे बघत बसले. घरीसुद्धा फोन वाजला की मी आईकडे बघते. मोबाइलवर कोणाचाही कॉल आला तर तो थांबेपर्यंत वाट पाहते आणि मग मेसेज करते. इथे टाळायची सोय नव्हती. आठव्या-नवव्या घंटीला मी रिसीव्हर उचलला. "आवाज येऊन राहिला का?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. "मले नाही येऊन राहिला. जोरानं बोल."

तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. नंतर कळलं, तुम्ही ट्रकच्या आवारापलीकडच्या डिस्पॅचच्या इमारतीतून रोज सकाळी नऊला ऑफिसात फोन लावता. लाइन तपासायची ती तुमची पद्धत. आधी हा फोन पोर्चमधल्या टेबलावरचे सिक्युरिटीचे बंडूभाऊ घ्यायचे. मी आल्यावर तुम्ही तो माझ्याकडे वळवलात. का, ते कधी सांगितलं नाहीत. मला वाटतं, त्या पहिल्या फोनला आठ-नऊ घंट्या वाजल्या, त्या तुम्ही मोजल्या होत्या.

तुम्ही मला नावानं कधीच हाक मारली नाहीत. धरमपेठेत राहणारी आणि इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मी 'कॉन्व्हेंट'. एकदा तुम्ही फोनवर म्हणालात, एकोणसत्तर नंबर लावून पाहा, आणि मी एकोणऐंशी लावला. बॉयलरवाल्यांनी उचलला. तुम्ही दिवसभर हसत होतात. दुसऱ्या दिवसापासून नऊच्या फोनवर रोज एक आकडा विचारायला लागलात. एकोणचाळीस म्हणजे किती, एकोणनव्वद म्हणजे किती. चुकले की "फी भरली न तुझ्या बापानं तिकडं?" असं म्हणायचात. आज मला सगळे आकडे येतात. विचारणारा फोन मात्र येत नाही.

तुमचं काम काय होतं, ते कंपनीत फार कमी जणांना माहीत होतं. फोन बंद पडला की तुमची आठवण व्हायची, आणि फोन क्वचितच बंद पडायचे. ऑफिसपासून डिस्पॅचपर्यंत जमिनीखालून जाडजूड केबल गेली आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक पेटी आहे, हे मला तुम्ही दाखवलंत. पेटीतल्या प्रत्येक तारेवर करंगळीच्या पेराएवढी एक नळी. अरेस्टर. वीज पडते लांब कुठेतरी, पण तिचा झटका जमिनीतून, हवेतून केबलमध्ये शिरतो आणि केबल त्याला सरळ इमारतीत घेऊन येते. एरवी झोपलेली ती नळी तेवढ्या क्षणापुरती जागी होते आणि झटक्याला पट्टीवरून जमिनीत उतरवते. "नाव पोलिसाचं, काम चपराशाचं," तुम्ही म्हणालात. "आला साहेब की दाखव दार. पण दारच नसंल तं चपराशी काय करंल?"

ते दार म्हणजे पोर्चच्या भिंतीवरची तांब्याची पट्टी. केबल इमारतीत शिरते तिथेच तुम्ही पेटी बसवली होती, म्हणजे पोर्चच्या दर्शनी भिंतीवर, आणि पेटीतून पट्टी सरळ खाली, फुलझाडांच्या वाफ्यातल्या खड्ड्यात. खड्ड्यात तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ आणि वर पाणी ओतायला एक पाइप. होळी झाली की दर शनिवारी तुम्ही तिथे बादलीभर पाणी ओतायचात. कोरड्या मातीत वीज उतरत नाही वं, म्हणायचात. येणारेजाणारे हसायचे. कोणी म्हणायचं, भोयरकाका खड्ड्याले पाणी पाजून राहिले, खड्डा मोठा होईल आता.

ती पट्टी आणायला तुम्ही मला इतवारीत घेऊन गेला होतात. जुनी झिजली होती. बक्षी सरांनी मला कोटेशन मागवायला सांगितलं होतं आणि मी मेलवर मागवलीही होती. तुम्ही म्हणालात, तांबं कागदावर नाही पाहात. भांड्यांच्या गल्लीतून हातगाड्यांच्या मधून तुम्ही भराभर पुढे, मी ओढणी सांभाळत मागे. तिसऱ्या दुकानात तुम्ही खिशातून किल्ली काढून पट्टीवर ओरखडा ओढलात आणि मला दाखवलात. आत करडं दिसत होतं. वरून तांब्याचं पाणी दिलेलं लोखंड. दुकानदार म्हणाला, काका, कोण ओरखडून पाहते? तुम्ही म्हणालात, "वीज पाहते न बाबू." मग त्यानं आतून खरी पट्टी आणली. येताना तुम्ही मला रस्त्याच्या कडेला उभं करून तर्रीपोहे खाऊ घातलेत आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागल्यावर स्वतःची बाटली पुढे केलीत. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की या शहरात मी पंचवीस वर्षं राहिले खरी, पण पाहिलं नव्हतं.

आणि मेल. त्याबद्दल लिहायलाच हवं.

कंपनीनं सगळ्यांना मेल आयडी दिले तेव्हा तुमचा मीच तयार केला. तुम्ही कॉम्प्युटरसमोर दोन मिनिटं बसलात, माउस इकडचा तिकडे केलात आणि उठलात. पासवर्ड काय ठेवू विचारलं तर म्हणालात, तुले आठवंल तो ठेव. "तूच पाहात जा. काही महत्त्वाचं आलं तं सांगजो." मी बरं म्हटलं. डायरीच्या शेवटच्या पानावर तुमचा पासवर्ड लिहिला आणि दर सोमवारी तुमचे मेल उघडून पाहायला लागले. रक्तदान शिबिर, कॅन्टीनची वेळ बदलली, पार्किंगचे नियम. महत्त्वाचं कधी काही आलं नाही. तीन-चार महिन्यांनी मी पाहणं सोडलं. तुम्हाला ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

भांडण पट्टीवरून झालं. परदेशातून खरेदीदार येणार होते आणि पोर्च नीट दिसला पाहिजे, असं बक्षी सरांनी सांगितलं होतं. मी रात्री घरी बसून एक आराखडा काढला होता. पट्टी भिंतीच्या मागून न्यायची, कोपऱ्यावर दोन वळणं, वरून भिंतीच्या रंगाचं झाकण. खूप नीटस दिसत होतं कागदावर. सरांच्या केबिनमध्ये मी तो ठेवला आणि तुम्ही चष्मा न लावताच म्हणालात, "वीज काय तुमच्या कॉन्व्हेंटमधली पोरगी आहे का, रांगेनं वळणं घेत जायले? वळण दिसलं का उडी मारते ते." सर हसले. तिथे बसलेले आणखी दोघं हसले. मी आराखडा घडी करून पर्समध्ये टाकला.

तुमचं बरोबर होतं. आता मी त्यावर वाचलंय. पट्टी आखूड हवी आणि सरळ हवी, हेच सगळीकडे लिहिलेलं आहे. पण मला त्या दिवशी वीज आठवत नव्हती, हसणं आठवत होतं. मला कोणी हसलं तर मी काही बोलत नाही. आत नेऊन ठेवते. तुम्ही दुसऱ्या दिवशी नऊला विचारलंत, रुसली का वं? मी म्हटलं, नाही. एकोणपन्नास म्हणजे किती? मी म्हटलं, काका, काम आहे.

त्याच आठवड्यात तुम्ही भाच्याच्या लग्नाला काटोलला गेलात. शनिवारी रंगारी आले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, ये पट्टी निकालनी पडेंगी मॅडम, नहीं तो दाग दिखेंगा. मी तुम्हाला फोन करू शकले असते. मोबाइल हातात होता. मी मांडवात वाजणारा बँड, तुमचं "काहून, काय झालं?" आणि मग माझं अडखळणं, हे सगळं मनात ऐकलं, आणि फोन खिशात ठेवला. "काढा," असं म्हटलं. रंग वाळला की लावून टाकू. पट्टी गुंडाळून स्टोअरमध्ये गेली, स्क्रूची भोकं पुट्टीनं बुजवली गेली, आणि खड्ड्याच्या पाइपावर मी अरेका पामची मोठी कुंडी ठेववली. भिंत सुंदर दिसत होती. मला ती सुंदर दिसली, हे मी लपवणार नाही. मी तिचा फोटो काढला.

मग टेबलावर येऊन तुम्हाला मेल लिहिला. पोर्चच्या भिंतीवरची अर्थिंगची पट्टी रंगकामासाठी तात्पुरती काढली आहे, कृपया नोंद घ्यावी आणि पुन्हा बसवून घ्यावी. इंग्रजीत दोन वाक्यं. पाठवलं आणि हलकं वाटलं. त्या वेळी मला आठवलं का, की तुमचे मेल पाहायचं काम माझंच आहे? तुम्ही गेल्यापासून दहा दिवस मी स्वतःला हेच विचारतेय. आठवलं होतं, काका. बटण दाबताना आठवलं होतं. सोमवारी सांगू, असं वाटलं.

सोमवारी नऊला फोन आला. आवाज येऊन राहिला का? येतोय. लग्नातले दोन किस्से तुम्ही सांगितलेत, नवरदेवाची घोडी मांडवात शिरली तो एक. मग विचारलंत, इकडं काही नवीन? मी म्हटलं, काही नाही.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. तुमची माणसं त्या आठवड्यात डिस्पॅचमध्येच नव्या लाइनी टाकत होती, आणि पोर्चमध्ये गालिचा घातल्यामुळे स्टाफला मागच्या दारानं यायचा हुकूम होता. गुरुवारी पाहुणे येऊन गेले. पोर्चमध्ये त्यांचा ग्रुप फोटो निघाला, मागे ती भिंत. शुक्रवारी तुम्ही विचारलंत, पाहुणे गेले न? आता उद्या खड्ड्याले पाणी घालतो, बिचारा दोन हप्ते तहानलेला आहे. मी म्हटलं, बरं काका.

मी विचार केला होता, उद्या सकाळी लवकर येऊन पट्टी लावून घेईन, तुमच्या बादलीच्या आधी.

शुक्रवारी दुपारी चारला आभाळ पिवळं झालं. एप्रिलातली गार, टपोरी. पत्र्यावर इतका आवाज होता की कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मग पाण्याच्या टाकीमागे कुठेतरी वीज पडली. ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजले, सगळे अर्धीच घंटी, आणि थांबले. तो आवाज मी कधी विसरणार नाही. शंभर माणसांनी एकदम श्वास घ्यावा आणि सोडू नये, तसा. फोन एक्सचेंजच्या खोलीतून जळका वास आला. पोर्चमध्ये बंडूभाऊ खुर्चीवरून खाली येऊन बसले होते, हात कानावर. डिस्पॅचला गाडीचा नंबर विचारत होते ते. रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता.

तुम्ही गारांतून धावत आलात. डोक्यावर काही नव्हतं. एक्सचेंज जळलं हे तुम्हाला कोणी तरी ओरडून सांगितलं, पण तुम्ही तिकडे गेलाच नाहीत. "कोणाच्या कानाले होता?" हे विचारलंत. बंडूभाऊंना पाहिलंत, त्यांच्या कानाजवळ चुटकी वाजवलीत, या बाजूनं, त्या बाजूनं. मग त्यांना उठवताना तुमची नजर भिंतीवर गेली. तुम्ही एका हातानं बंडूभाऊंना धरून दुसऱ्या हाताचं बोट भिंतीवरून फिरवलंत, जिथे पहिला स्क्रू होता तिथे, मग त्याच्या खाली, जिथे दुसरा होता. मी दारात होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. बंडूभाऊंना दवाखान्यात घेऊन गेलात.

बंडूभाऊंचा डावा कान अजून वाजतो. डॉक्टर म्हणतात, हळूहळू कमी होईल.

सोमवारी बक्षी सरांनी रिपोर्ट मागितला. तुझं इंग्रजी चांगलं आहे, तूच लिही. मी घटना लिहिली, नुकसान लिहिलं. कारण या मथळ्याखाली थांबले. सर मागे उभे होते. त्यांनी विचारलं, पट्टी काढल्याचं कळवलं होतं का? मी म्हटलं, मेल केला होता. सरांचा चेहरा मोकळा झाला. ते वाईट माणूस नाहीत, काका. त्यांना एक वाक्य हवं होतं आणि ते त्यांना मिळालं. पट्टी काढल्याची सूचना टेलिफोन टेक्निशियनला मेलद्वारे देण्यात आली होती, मात्र त्यावर कार्यवाही झाली नाही. हे मी टाइप केलं. मेलची प्रत जोडली. त्यावर तारीख होती, वेळ होती, तुमचं नाव होतं.

सही घ्यायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही कागद दूर धरून पाहिलात आणि माझ्यापुढे केलात. काय लिहिलं वाचून दाखव. मी खिडकीकडे बघत मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं.

"मेल," तुम्ही म्हणालात.

मी मान हलवली.

"तू पाठवला होता न?"

"हो."

"मंग खोटं नाही ना ते." तुम्ही सही केलीत. मराठीत, पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं.

इतक्या दिवसांत मी त्या वाक्याची वेगवेगळी उत्तरं तयार केली. बसमध्ये, अंघोळ करताना, बुटीबोरीचा उड्डाणपूल येईपर्यंत. तुम्हाला आठवत होतं का, पासवर्ड कोणाकडे आहे ते? आठवत नव्हतं असं मानलं तर मी तुम्हाला फसवलं. आठवत होतं असं मानलं तर तुम्ही मला वाचवलंत. यातलं कोणतं बरं, ते मला अजून ठरवता येत नाही. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुमच्यावर मला याचाही राग आहे, हे लिहून ठेवते. तुम्ही मला विचारायला हवं होतं. एका वाक्यात विचारायला हवं होतं. मी बहुतेक खरं बोलले असते. बहुतेक.

महिनाअखेर तुमचं कंत्राट संपवलं. शेवटच्या दिवशी तुम्ही स्टोअरमधून पट्टी काढून आणलीत. नव्या रंगावर चार भोकं पाडलीत आणि ती जिथे होती तिथेच, सरळ, आखूड, बसवलीत. कुंडी एकट्यानं सरकवलीत. बादलीभर पाणी ओतलंत. मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पाहत होते. त्याच सकाळी नऊला तुमचा फोन आला होता, नव्या एक्सचेंजवरून. आवाज येऊन राहिला का? येतोय काका. मग तुम्ही आकडा विचारला नाहीत. लाइनवर थांबलात. तुमच्या श्वासाचा आवाज येत होता, मागे एखादा ट्रक मागे येतानाची शिट्टी. "अजून काही?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, नाही.

मग तुम्ही फोन ठेवलात.

त्यानंतर पाच आठवडे. मग ग्रुपवर तुम्ही गेल्याचा मेसेज आला. डॉक्टरांनी सांगितलं की बीपी जुना होता, औषधात खंड पडला होता. मी कशाचाही संबंध कशाशी जोडत नाही. जोडला तर मी त्यातही मोठी होऊन बसेन, आणि हे माझ्याबद्दल नाही.

तुमच्या घरी मी एकटीच गेले. रस्ता विचारायला तीन जणांशी बोलले, तुम्ही हसला असतात. काकूंनी चहा दिला. दारामागे तुमची पिशवी टांगलेली होती, पक्कड वर डोकावत होती. काकू म्हणाल्या, तुम्ही ते कॉन्व्हेंट न? तुमचं लय नाव घेत होते. मग पदर बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगा बाई. जिंदगीभर तारा जोडल्या त्यांनी. खरंच चुकलं का वं त्यांचं?" तुम्ही घरीही काही सांगितलं नव्हतं तर. मी चहा प्यायले. उकळता होता, पण मी तो पूर्ण प्यायले, कारण तोंडात चहा असेपर्यंत बोलावं लागत नाही. मग म्हटलं, येते काकू.

दुसऱ्या दिवशी मी डायरीचं शेवटचं पान काढून तुमचा मेल उघडला. अजून बंद केलेला नव्हता. रक्तदान शिबिर आणि कॅन्टीनच्या सूचनेच्या मध्ये माझं नाव होतं. ठळक अक्षरांत, न वाचलेलं. मी त्यावर क्लिक केलं नाही. नुसतं पाहत बसले. दोन वाक्यांसाठी तुम्हाला इंग्रजी यायला हवं होतं, कॉम्प्युटर यायला हवा होता. मला तर फक्त "काका" म्हणून तोंड उघडायला हवं होतं.

तर कॅन्टीन. बक्षी सरांनी तुमची जन्मतारीख, शिक्षण, सेवेची वर्षं वाचून दाखवली. दोन मिनिटं शांतता झाली. मागे ते मेलबद्दलचं वाक्य मी ऐकलंच होतं. तेवढंच उरणार होतं तुमचं, काका. माणूस चांगला, पण. त्या 'पण'च्या पुढचं सगळं मी टाइप केलं होतं, आणि पहिल्या रांगेत काकू तेच घरी घेऊन जाणार होत्या.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. माइक समोर होता, पण मी तो हातात घेतला नाही. कागदावरच्या सात ओळी दिसेनाशा झाल्या. मी मराठीत काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं, पण बहुधा फक्त मलाच. सर हसून मान डोलावत होते, म्हणजे त्यांनाही कळलं नव्हतं. मला वाटलं, झालं. बोलले मी. आता बसता येईल.

शेवटच्या रांगेत बंडूभाऊ उभे राहिले. डाव्या कानामागे तळहात धरला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "मागं आवाज नाही येऊन राहिला."

मी कागद खुर्चीवर ठेवला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि काकूंकडे पाहून म्हटलं, "काकांचं काही चुकलं नाही. पट्टी मी काढायला लावली. मेल मी पाठवला, आणि काकांचे मेल वाचून त्यांना सांगायचं कामही माझंच होतं. मी सांगितलं नाही."